आईच्या मापाची गाडी

डिसेंबर लागला की पांढुर्ण्याहून बाबा संत्र्यांची पेटी पाठवतात. ती सकाळच्या बसने नागपूरला येते, आणि मी ती रिक्षात घालून घरी आणते. पेटीत खाली वाळलं गवत, वर पानांसकट तोडलेली संत्री. पहिलं संत्रं मी उभ्या उभ्याच सोलते. साल मोडताना बारीक फवारा उडतो आणि सगळ्या घराला कळतं की हिवाळा आला. बाकीच्यांना त्यात नुसतं संत्रं जाणवतं. मला मात्र त्या वासामागे ग्रीसचा, जळक्या तेलाचा, नुकत्याच घासलेल्या लोखंडाचा वास येतो. आमचे बाबा काळे झालेले हात संत्र्याच्या सालीने धुतात. आधी साल चोळायची, मग राख, मग पाणी. साबणापेक्षा हे बरं, असं त्यांचं म्हणणं, आणि खरोखरच नखांच्या कडेचा काळेपणासुद्धा निघून जातो.

त्या हिवाळ्यात मी हा वास अडीच-तीन महिने रोज घेतला. पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी आले होते. डॉक्टरांनी फार हलायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून अंगणात उन्हाच्या तिरपीत खुर्ची टाकून मी बसून राहायची. ऊन सरकलं की खुर्ची सरकायची. एवढी स्थिर मी आयुष्यात त्याआधी कधी नव्हते, नंतरही नाही. एका जागी बसलेल्या माणसाला ऋतू पूर्ण दिसतो. सकाळी धुक्यातून रेल्वेची शिट्टी यायची, तिगावकडून येणारी मालगाडी दिसण्याआधी कितीतरी वेळ ऐकू यायची. मग रस्त्याने कापसाच्या ट्रॉल्या सुरू व्हायच्या. जाळी लावूनही कापूस उडायचाच, आणि कडेच्या बाभळींच्या काट्यांना अडकून राहायचा. दुपारी संत्र्याचे ट्रक. आंबिया बहाराची तोडणी जोरात होती. गल्लीतल्या बायका संत्री निवडायच्या कामावर जायच्या आणि परत येताना त्यांच्या लुगड्यांनाही तोच वास असायचा.

आणि अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, टिनाच्या छपराखाली, बाबा आणि त्यांची गाडी.

बाबा सौंसरच्या एका जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर होते. सरकी वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांच्या घरघरीत राहून त्यांचे कान मंद झाले होते. ते मोठ्याने बोलायचे, आणि समोरचा हळू बोलला तर त्याला काही म्हणायचंच नाही असं धरून चालायचे. निवृत्तीनंतर त्यांनी सौंसरच्याच एका ओळखीच्या माणसाकडून जुनी क्रूझर मोटरसायकल घेतली. लांब, बुटकी, पुढचं चाक पार पुढे टाकलेली. गल्लीतले लोक तिला लंबी गाडी म्हणायचे. आधीच्या मालकाने तिला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला होता. ती गल्लीच्या तोंडाशी आली की आमच्या मांडणीतले पेले थरथरायचे. बाबांना मात्र तो आवाज अगदी बेताचा वाटायचा.

आई तिच्याकडे बघायचीही नाही. आई अंगणवाडी सेविका. केंद्र जवळच होतं, ती चालत जायची. लांब जायचं असलं की एस.टी. किंवा खाजगी बस. बाबांच्या मागे ती गेली दहा-बारा वर्षं बसली नव्हती.

त्याचं कारण आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं, कारण ते विनोद म्हणून सांगितलं जायचं. आईच्या भाचीचं लग्न होतं सौंसरला, मार्गशीर्षातलं. जिनिंगचा हंगाम भरात, बाबांची दुसरी पाळी. त्या आठवड्यात त्यांची ड्यूटी कंपनीच्या पांढुर्ण्याच्या गोदामावर होती. म्हणून पंगत उठायच्या आत त्यांनी आईला उठवलं आणि स्कूटरवर मागे बसवून पांढुर्ण्याला निघाले. आई नेहमीसारखी एका बाजूला पाय सोडून बसलेली. जामसांवलीच्या हनुमान मंदिराच्या फाट्याजवळ रस्त्यावर नवा गतिरोधक झाला होता, त्याला पट्टे मारलेले नव्हते. स्कूटर उडाली आणि आई खाली पडली. बाबा मात्र पुढे निघून गेले. दीड-दोन किलोमीटर, पेट्रोलपंपापर्यंत. तिथे गाडी थांबवून मागे वळून पाहतात तर बायको नाही. लोक इथे हसायचे. कोणी म्हणायचं, हनुमानजीनेच उतरवून घेतलं असेल. आईही हसायची. पण हसताना तिचा उजवा हात डाव्या खांद्यावर जायचा. तो खांदा त्या दिवशी मोडला होता. अजूनही तिला डावा हात वर नेता येत नाही; वेणी घालताना ती हात वर करत नाही, मान खाली घालते.

हे सगळं मला माहीत होतं, म्हणून बाबांनी गाडीचं काम काढलं तेव्हा ते कोणासाठी चाललंय हे कळायला मला वेळ लागला. सुरुवातीला त्यांनी स्वतःपुरतं केलं. हँडलसाठी पुढे वाकावं लागत होतं, तर त्याखाली जाड वॉशर आणि लोखंडी ठोकळे घालून ते वर आणि मागे घेतलं. पाय फार लांब जात होते, तर पुढचे पायटे काढून वीतभर अलीकडे बसवले, आणि त्याबरोबर गिअरची दांडीही कापून आखूड केली. करवत, कानस, हाताचा ड्रिल एवढ्यावर सगळं चालायचं. जोडकामाला ते गुणवंतभाऊंकडे जायचे. गुणवंतभाऊंचं आमच्या गल्लीपलीकडे ट्रॉल्या दुरुस्तीचं वेल्डिंग दुकान होतं, आणि बाबा खडूने लादीवर काढून दाखवतील ते ते जोडून द्यायचे.

मग एका दुपारी बाबा माझ्या खुर्चीशी येऊन बसले आणि त्यांच्या मानाने हळू आवाजात म्हणाले, "तुह्या मायचा गुडघा जमिनीपासून किती उंच हाय?"

मी म्हटलं, मले काय माहीत.

"मोजून घे ना. मी मोजीन तं तुही माय उठून जाईन."

अशी मी त्या कामात सामील झाले. संध्याकाळी आई तुरीच्या शेंगा सोलायला पाटावर न बसता बाकावर बसायची, तेव्हा बाबा तिच्या पायाखाली एक वीट सरकवायचे. फरशी थंड हाय, म्हणायचे. दुसऱ्या दिवशी दोन विटा. तिसऱ्या दिवशी दीड. आईचे पाय कोणत्या उंचीवर सैल पडतात हे मी बघायची आणि शिवणाच्या टेपने वीट मोजून ठेवायची. आईला कळत नसेल असं मला वाटत नाही. तीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याने अचानक पायाखाली वीट ठेवली तर कोणत्या बाईला संशय येणार नाही? पण तिने माप घेऊ दिलं. पायाचं, कमरेचं, डाव्या हातापासून बाकाच्या कडेपर्यंतचं.

बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईसाठी गाडीत काहीच केलेलं नसतं, हे मला त्या हिवाळ्यात पहिल्यांदा कळलं. पाठीला टेकू असतो तो सरळ बसणाऱ्याच्या मागे. आईची पाठ येणार गाडीच्या उजव्या अंगाला. बाबांनी तिथे टेकू करायचं ठरवलं. चौकोनी पाइपची चौकट, त्यावर पत्रा, त्यावर जुन्या गादीतला कापूस आणि वरून रेक्झीन. पण तिथे टेकू उभा राहिला तर स्वतः बाबांना गाडीवर चढताना पाय टाकता येईना. चार दिवस ते त्या टेकूकडे बघत बसले. शेवटी त्याला दाराच्या दोन बिजागऱ्या लावल्या. आधी टेकू खाली पाडायचा, बाबांनी बसायचं, मग आईने टेकू उभा करून कडी लावायची आणि बसायचं. कडी तिच्या हाताची, त्यांच्या नाही, हे त्यांनी मला दोनदा समजावलं. डाव्या बाजूला दोन्ही पाय नीट मावतील असा पत्र्याचा पाट बसवला, त्यावर सायकलच्या टायरचा तुकडा, म्हणजे चप्पल घसरू नये. आणि मागे धरायला एक कडं, मांडीच्या उंचीवर. नेहमी ते वर असतं. बाबांनी ते खाली आणलं, कारण डावा हात वर जात नाही.

हे कडं गोल करायला त्यांना एक पूर्ण दिवस लागला. गुणवंतभाऊंनी गरम करून वाकवून दिलं, पण त्याला कंगोरा राहिला होता. बाबा संध्याकाळपर्यंत कानस मारत राहिले. मधूनमधून डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचे.

चाचणीला त्यांनी सरकीच्या ढेपेचं पोतं घेतलं. जवळपास आईच्या वजनाचं. ते सीटवर आडवं टाकून टेकूला टेकवलं, बांधलं नाही, आणि मोठ्या रस्त्यावर दोन गतिरोधकांवरून फिरवून आणलं. परत आले तेव्हा पोतं जागेवर होतं. बाबांनी खडूने खूण केली होती, ती एक बोटही सरकली नव्हती. त्यांनी मला ती खूण दाखवली. आई तेव्हा केंद्रातून येऊन दारात उभी होती, हातात पोषण आहाराचं रजिस्टर. तिनेही ती खूण बघितली.

"पोत्याले चांगलं बसोलं तुमी," ती म्हणाली. "पण पोतं पडलं असतं तं समजलं असतं का तुमाले?"

आवाज चढलेला नव्हता. ती आत गेली आणि चहा ठेवला. बाबांनी पोतं उतरवलं. त्यांना ऐकू आलं असेल की नाही अशी मला शंका होती, पण त्यांनी हात न धुता गाडीवर जुनी चादर टाकली तेव्हा कळलं की आलं होतं.

त्यानंतर तीन-चार दिवस छपराखाली कानशीचा आवाज नव्हता. मला त्या शांततेत विचार करायला बराच वेळ मिळाला. लहानपणापासून ऐकलेला तो विनोद मी मनात पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला आणि पहिल्यांदा तो रस्त्याच्या कडेने पाहिला. आई धुळीत बसलेली, खांदा लोंबतोय, मंदिराला चालत जाणारी माणसं तिला पाणी पाजतायत, आणि ती वळणावर लहान होत जाणारी स्कूटर बघतेय. स्कूटर थांबत नाही. हाड सहा आठवड्यांत जुळलं. ते न थांबणं जुळलं नव्हतं. पडल्याची भीती असती तर बाबांनी केलेला टेकू पुरेसा होता. आईला भीती नव्हतीच.

पोटात बाळ फिरायचं तेव्हा मी हात ठेवून गप्प बसायची. तिथे कोणीतरी आहे हे प्रत्येक क्षणी कळत राहणं किती मोठी गोष्ट आहे, असं तेव्हा वाटायचं. आता कदाचित तेवढं वाटणार नाही.

पाचव्या दिवशी रविवार होता. आई न्हाऊन अंगणात केस वाळवत बसली होती. मी संत्रं सोलत होते. बाबा आले आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसले. त्यांनी सांगितलं ते इतक्या वर्षांत कोणालाच सांगितलं नव्हतं.

"तू पडली त्या दिवशी मी बोलत होतो तुह्यासंग. पंपापर्यंत बोलूनच राहिलो होतो. तू काई बोलून नाही राहिली, तं मले वाटलं, रागात हाय."

आईने केस बाजूला केले. ती खरंच रागात होती. भाचीची पाठवणी बघायची राहिली म्हणून सौंसरपासून तिने एक शब्द काढला नव्हता. हे तिने मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, मी बी मुद्दामच बोलत नव्हती वं. पण त्या वेळी अंगणात ती यातलं काही बोलली नाही. फक्त विचारलं, "काय बोलून राहिले होते?"

बाबांनी बराच वेळ आठवलं. मला वाटलं, आता ते काहीतरी जपून ठेवलेलं सांगतील.

"जिनिंगचं," ते म्हणाले. "पट्टा तुटला होता ना त्या हप्त्यात, त्याचं."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू यायला लागलं. लोकांसमोर विनोद ऐकून हसायची तसं नाही. ती वाकून वाकून हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. "मंग माहं काई नुकसान नाही झालं," ती म्हणाली. आणि तिचा हात खांद्याकडे गेला नाही. बाबा आधी गोंधळले, मग तेही हसले. मग खाली बघत, तिच्या पायाजवळची एक काडी उचलून मोडत ते म्हणाले की त्या दिवशी मी लय जोरात होतो, माहीच चूक होती. एवढंच. आई म्हणाली, हाव.

संध्याकाळी गाडीवरची चादर निघाली.

बाबांनी आणखी एक भर घातली. एक छोटा गोल आरसा, हँडलच्या मधोमध, क्लॅम्पने असा बसवला की त्यात मागचा रस्ता दिसायचा नाही, मागे बसलेलं माणूस दिसायचं. तो बसवताना मी मागे उभी राहिले, माझ्याकडे बघून त्यांनी तो जुळवला. छपराखाली उभ्या गाडीवर सगळं छान दिसत होतं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ते दोघे सौंसरला मावशीकडे तीळगूळ घेऊन गेले. मला सोबतीला शेजारच्या काकू बसल्या होत्या. आईने टेकू उभा केला, कडी लावली, ओढून पाहिली, मग बसली. पाय पाटावर, डावा हात कड्यावर, उजवा बाबांच्या खांद्यावर. हेल्मेट तिला मोठं होत होतं. गाडी गल्लीतून निघाली तेव्हा काकू म्हणाल्या, बसली बाप्पा. मला वळणापर्यंत बघता आलं. त्यापुढचं मी आईकडून ऐकलं, ते ऊन उतरायच्या आत परत आल्यावर.

आरसा कामाचा नव्हता. एकाच सिलेंडरचं इंजिन. वेग घेतला की हँडल बारीक थरथरतं, आणि आरशात आई दिसेना, नुसतं काहीतरी हलणारं पांढरं. "भुतावानी हालून राहिली होती मी त्याच्यात," आई म्हणाली. पहिला गतिरोधक आला तेव्हा बाबांनी वेग कमी केला, आरशात पाहिलं, काही कळलं नाही. मग मान वळवून विचारलं, "हाय का वं?" आई म्हणाली, हाव. सायलेन्सरच्या आवाजात त्यांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी गाडी थांबवली आणि पुन्हा विचारलं. पुढच्या गतिरोधकाला पुन्हा तेच. जामसांवलीच्या फाट्यापर्यंत आई जोरात ओरडून हाव म्हणू लागली होती आणि चालत जाणारे भाविक वळून बघत होते. त्या जुन्या जागी काय झालं ते मी विचारलं. "तिथंबी हावच म्हटलं," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

पुढच्या आठवड्यात बाबा नागपूरला जाऊन भंगार बाजारातून गाडीचा मूळचा, मुक्या आवाजाचा सायलेन्सर शोधून घेऊन आले. तो बसवायला अर्धा दिवस गेला. जुने बोल्ट गंजले होते. गुणवंतभाऊ म्हणाले, काका, गाडीची जान काढून टाकली तुम्ही. बाबांनी पाना खाली ठेवला. गाडी सुरू केली, मला मागे उभं केलं आणि हळू बोलायला सांगितलं. मी हळू बोलले. मग आणखी हळू. ते मान हलवत राहिले. त्यांना खरंच ऐकू येत होतं की मला बरं वाटावं म्हणून हलवत होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

फाल्गुनात माझी मुलगी झाली. दवाखान्यात आई आणि बाबा गाडीवरूनच आले होते. तोवर मृग बहाराची संत्री सुरू झाली होती, आणि बाबांच्या हातांना पुन्हा सालीचा वास होता.

या वर्षी पेटीची वाट न बघता आम्हीच दोन दिवस पांढुर्ण्याला गेलो. दुसऱ्या दिवशी सगळे जामसांवलीला निघालो. पुढे त्यांची गाडी, मागे आमची कार. निघण्याआधी दोघांचं काहीतरी बिनसलं होतं, बहुधा बाबांनी गोळ्या घेतल्या नव्हत्या. आई ओठ मिटून बसली होती. पहिल्या गतिरोधकाआधी त्यांच्या गाडीचा ब्रेकचा लाल दिवा लागला, गाडी मंदावली, बाबांचं हेल्मेट किंचित डावीकडे वळलं. आईने शेताकडे तोंड फिरवलं.

बाबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि दोन्ही पाय टेकून उभे राहिले. आम्हीही मागे थांबलो. कापसाची एक ट्रॉली भोंगा वाजवत बाजूने गेली. ते हलले नाहीत, त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. मान तशीच वळवून, कान तिच्याकडे करून ते वाट बघत राहिले. बराच वेळ झाला. मग आईचं हेल्मेट खाली-वर हललं, आणि गाडी निघाली.